कबुतरांवरून अख्खी बिल्डिंग फुटलीय, लोकांना बोलतं करायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादर पश्चिमेला चाळीसेक घरांची जुनी सोसायटी, गच्चीवर रोज सकाळी कबुतरांना दाणे पडतात, वरच्या मजल्यावरच्या एका काकांना खोकला आणि धाप सुरू झालीय, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत, गच्चीवर एक मीटिंग घेतली तर ती दहा मिनिटांत "तुम्ही लोक, आम्ही लोक" वर गेली आणि दोघांनी ग्रुप सोडला. विचारणाऱ्याचं म्हणणं, मला कुणाची बाजू घ्यायची नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय की ही माणसं अशी का वागतायत, आणि त्यांनीही एकमेकांचं ऐकावं, तर अशी चर्चा घडवायची कशी आणि सुरुवात कुणाच्या घरापासून करू.

मी वस्त्यांत आणि सोसायट्यांत हेच काम करत आलेय, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. नळाचं पाणी, मंडप, भोंगा, मच्छीचा वास, भटकी कुत्री, रिडेव्हलपमेंट, सगळं बघून झालंय. यातली निम्मी भांडणं मिटली नाहीत हे आधीच सांगते, म्हणजे नंतर शिव्या नकोत.

तर पहिलं म्हणजे परत मीटिंग बोलावू नका. निदान महिनाभर तरी नको. चाळीस जणांसमोर माणूस समोरच्याशी बोलतच नाही, तो आपल्या मागे बसलेल्यांना ऐकवत असतो, आणि तिथे कुणीही "अरे हे मला माहीत नव्हतं" असं म्हणणार नाही कारण घरी गेल्यावर बायको म्हणणार, काय हो, तिथे मान डोलावून आलात. घरोघरी जा. एकटे जा. चहा घ्या, आणि साखर कमी सांगा, पाचव्या घरापर्यंत मळमळायला लागतं.

आणि गेल्या गेल्या कबुतर काढू नका. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते मोहल्ला कमिटीत काम केलेले लोक होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईत सुमारे ९०० माणसं गेली, त्यानंतर माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी अशा मंडळींनी या कमिट्या उभ्या केल्या, आणि त्याच्याही आधी सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने भिवंडीत हेच केलं होतं, जी भिवंडी दंगलींसाठी बदनाम होती ती ९२ ला शांत राहिली. यात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. कमिटी भांडणाच्या आधीपासून बसत होती. गटार तुंबलं, दिवा गेला, पोरांची क्रिकेट मॅच घ्यायची, असल्या विषयांवर. मग जेव्हा खरोखर काही पेटायची वेळ आली तेव्हा समोरचा माणूस "तो गटारवाल्या मीटिंगमधला" होता, नुसता मुसलमान किंवा नुसता हिंदू नव्हता. तुमच्याकडे एवढा वेळ नाही, पण पंपाची वेळ, लिफ्टचा एएमसी म्हणजे देखभालीचा करार, पार्किंगमधली ती गंजकी ॲक्टिव्हा, काहीतरी असेलच की. तिथून सुरू करा. कबुतरं आपोआप येतील, ती कुठेही येतात.

आता कबुतरांचं बोलू. तुमच्या बिल्डिंगीतलं भांडण घरचं आहे पण त्याने शहराचे कपडे घातलेत. जुलै २०२५ पासून हायकोर्टात प्रकरण, पालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले (शहरात ५१ आहेत असं तेव्हा विधान परिषदेत सांगितलं गेलं), ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, ६ तारखेला जमावाने ती ताडपत्री ओढून काढली, मग आठवड्याभरात उलट बाजूचंही आंदोलन. बघता बघता ते जैन विरुद्ध मराठी होऊन बसलं. तुमच्या गच्चीपासून हे चालत दहा मिनिटांवर घडलंय. त्यामुळे तुमच्या शेजारणीने मूठभर ज्वारी टाकली तरी आता तो "त्यांचा" माज दिसतो आणि काकांनी खोकून दाखवलं तरी ती "यांची" नाटकं वाटतात. तुम्हाला हे कपडे उतरवायचेत, आणि ते भाषण करून उतरत नाहीत, बारीकसारीक विचारून उतरतात. किती वाजता? कोण कोण? डबा कुठला? त्या आधी कोण टाकायचं?

याचा एक किस्सा सांगते, परळच्या बाजूची बिल्डिंग, नाव नको. तिथेही हेच, सातव्या मजल्यावरच्या एक बा, म्हणजे गुजराती आजी, वय ७५ च्या पुढे, रोज पावणेसहाला गच्चीवर. मी दोनदा घरी जाऊन आले, त्या काही बोलेनात, "जीवदया छे" एवढंच. तिसऱ्यांदा मी सकाळी सरळ गच्चीवरच गेले. बा आल्या, कमरेला किल्ली, हातात श्रीखंडाचा जुना प्लास्टिकचा डबा. दाणे टाकायला त्यांना दोन मिनिटं लागली. आणि मग पुढचा पाऊण तास त्या तिथेच. चालल्या, टाकीला हात लावून हात वर केले, कुंडीतला ओवा तोडला, दूर कुठेतरी बघत बसल्या. मी म्हटलं बा, रोज एवढा वेळ? तर म्हणाल्या, कमिटीने तीन वर्षांपूर्वी गच्चीला कुलूप लावलं, पोरं सिगरेटी ओढायची म्हणून. किल्ली सेक्रेटरीकडे. फक्त दाण्यासाठी म्हणून यांना एक किल्ली दिली होती.

कळलं ना? दाणे बंद म्हणजे किल्ली परत. आणि किल्ली परत म्हणजे दीड खोलीत सून, नातू, मोठ्या आवाजातला टीव्ही आणि सोफ्याचा एक कोपरा. त्या बाईंची दया खोटी होती असं मी म्हणत नाहीये हं, कबुतरांवर जीव होताच, पण त्या ज्याच्यासाठी भांडत होत्या ती गोष्ट ग्रुपवरच्या चारशे मेसेजमध्ये एकदाही आली नव्हती, कारण "मला घरात जागा नाही" हे कोण टाईप करणार.

दुसरीकडे पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ, रिटायर्ड, पालिकेच्या शाळेत मास्तर होते. त्यांची फाईल बघितली मी, प्लास्टिकच्या पिशवीत सीटी स्कॅन, रिपोर्ट, सगळं तारीखवार. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ कायम श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा आजार होतो, फुफ्फुसांना सूज येते, आणि तसंच चालू राहिलं तर फुफ्फुसं आतून कडक होत जातात, ती पुन्हा मऊ होत नाहीत. हा आजार सगळ्यांना होत नाही. म्हणूनच बा म्हणायच्या मी चाळीस वर्षं दाणे टाकतेय मला काय झालं, आणि मास्तर म्हणायचे मी एकही दाणा टाकला नाही तरी मला झालं, आणि दोघं शंभर टक्के खरं बोलत होते. पण मास्तर खरे कशाने दुखावले होते माहितीय? त्यांनी सोसायटीला हाताने लिहून दोन पानी पत्र दिलं होतं. त्याचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. सेक्रेटरीने त्याखाली अंगठा टाकला. आणि एकाने लिहिलं, त्रास होत असेल तर गावाला जाऊन राहा, हवा चांगली असते. मास्तर मला म्हणाले, "माझा जन्म इथला आहे हो, गाव कुठलं काढू?" हे वाक्य त्यांनी मला चार वेळा सांगितलं, खोकल्याबद्दल एकदाच बोलले.

पुढचं पटापट सांगते, कारण ते काही सिनेमासारखं नाही झालं. गच्चीवरचे दाणे बंद झाले. बांची किल्ली राहिली, त्यांच्या नावाने ठराव करून. ज्याने गावाला जा लिहिलं होतं त्याने माफी मागितली नाही, अजूनही नाही. बा आणि मास्तर लिफ्टमध्ये भेटले तर जय जिनेंद्र-नमस्कार होतो म्हणे, एवढंच.

एक मात्र इथेच सांगते, नाहीतर गैरसमज होईल. तुमच्या काकांना आधी छातीच्या डॉक्टरकडे पाठवा, आणि निदान झालं असेल तर दाणे ताबडतोब थांबवायला सांगा, चर्चा कुठपर्यंत आली याची वाट बघू नका. समजून घेणं चालू आहे म्हणून फुफ्फुस थांबत नसतं. मी एका ठिकाणी "सगळ्यांचं ऐकून मग ठरवू" करत सहा महिने घालवलेत आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आता विचारायचं कसं. मराठीत "का" हा शब्द फार वाईट आहे. म्हणजे शब्द चांगला, पण आपण लहानपणापासून तो ऐकलाय तो मार खायच्या आधी. का उशीर झाला, का सांडलंस, का गेली होतीस. त्यामुळे "तुम्ही दाणे का टाकता" म्हटलं की माणूस आरोपी होतो आणि पटकन एक तयार उत्तर काढून देतो, धर्म, परंपरा, संविधान, जे हाताला लागेल ते. त्याऐवजी "कधीपासून", "सुरुवात कशी झाली", "शेवटचं असं कधी झालं, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात" विचारा. मत विचारलं की भाषण मिळतं, प्रसंग विचारला की माणूस आठवायला लागतो, आणि आठवणारा माणूस जरा वेळ भांडायचं विसरतो.

आणि सगळ्यात भारी प्रश्न एका शब्दाचा आहे. "म्हणजे?" कुणी म्हणालं की हे लोक आपली संस्कृती बिघडवतायत, तर वाद घालू नका, मान हलवू नका, नुसतं म्हणा, म्हणजे? मग तो म्हणेल म्हणजे यांना काही पडलेलीच नाही. बरं, म्हणजे? म्हणजे परवा माझी आई जिन्यात घसरली तर एकाने दार उघडलं नाही. हां. आता कुठे आलात. फक्त आवाज सांभाळा, हाच शब्द दमात घेऊन विचारला की पोलीस चौकी होते.

भाषेचंही सांगते कारण मुंबईत ते सुटत नाही. २९ जून २०२५ ला पहिलीपासून हिंदीचे जीआर सरकारने मागे घेतले, त्याच आठवड्यात माझी एका सोसायटीत बैठक होती, विषय कचऱ्याचा, आणि पहिला अर्धा तास बैठक कुठल्या भाषेत घ्यायची यावरच गेला. माझं स्वतःचं मत ठाम आहे, मुंबईत वर्षानुवर्षं राहणाऱ्याला मराठी यायलाच हवी, आणि मी ते लपवत नाही. पण मत असणं वेगळं आणि प्रत्येक वाक्यामागे ते घेऊन धावणं वेगळं. तिथे एक गुजराती काका बसले होते, कापडवाले, मी त्यांना सहज म्हटलं तुमची मराठी चांगली आहे की, कुठे शिकलात? म्हणाले, मूळजी जेठा मार्केटात, साताऱ्याच्या माथाडींकडून, त्यामुळे शिव्या आधी आल्या. सगळे हसले. मग ज्याने सगळ्यात जास्त आवाज केला होता त्याचे वडील माथाडी निघाले. पुढची सगळी बैठक ज्याला जे येतं त्यात झाली, शेजारी बसलेला कानात भाषांतर करत होता, कचऱ्याचा निर्णयही झाला, भाषेचा नाही झाला. चालतं.

आता माझी फजिती सांगते कारण तुमच्या प्रश्नात मला ती दिसतेय. "मला बाजू घ्यायची नाही" असं तुम्ही लिहिलंय. खरंच? मी कोकणातली, बोंबील तळल्याशिवाय माझा रविवार होत नाही. एका बिल्डिंगीत लिफ्टमध्ये मच्छीचा वास येतो म्हणून तक्रार, कोळणीला वर सोडायचं नाही असा ठराव करा म्हणून मागणी. मी तक्रार करणाऱ्या बाईंकडे गेले, वही घेऊन, अगदी गोड आवाजात, जिज्ञासू वगैरे. वीस मिनिटं प्रश्न विचारले. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारता छान, पण उत्तर घरून लिहून आणलंय तुम्ही." माझा चेहरा पडला. कारण होतंच लिहून आणलेलं. मी मनात आधीच ठरवलं होतं की ही बाई आम्हाला घाणेरडं समजते, मी फक्त पुरावा गोळा करत होते. तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की मी मच्छी खाते, आणि मुंबईत मच्छी खातात म्हणून घर नाकारलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे तुमची तक्रार ऐकताना माझ्या पोटात ढवळतं. त्या म्हणाल्या, मला तर खरंच ढवळतं हो, लिफ्टमध्ये पाणी सांडतं टोपलीतलं, ते दिवसभर तसंच राहतं, कुणी पुसत नाही. पाणी! तोपर्यंत कुणी पाण्याबद्दल बोललंच नव्हतं. कोळीण मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या मला काय हौस आहे सहा मजले चढायची, खालून आवाज देते तर वॉचमन ओरडतो. मग खाली मीटर रूमच्या बाजूला टोपली उतरवायला जागा आणि एक नळ मिळाला, लिफ्टचा विषय संपला. ती बाई आजही मच्छीकडे बघत नाही आणि मी आजही बोंबील खाते.

तर बाजू नसल्याचं नाटक करू नका, लोक पाच मिनिटांत ओळखतात. तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा, आणि त्याच वाक्यात सांगा की माझं चुकत असेल तर मला बघायचंय. हे म्हणताना खरोखर चुकायची तयारी हवी, नाहीतर घरी बसा, ग्रुपवर सुप्रभातचे फोटो टाका.

मोजता येण्यासारखं काही असेल तर दोन्ही बाजूंना एकत्र मोजायला लावा, हा माझा आवडता उद्योग. आवाजाच्या भांडणात नेहमी डेसिबल-डेसिबल चालतं, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हे सगळ्यांना पाठ असतं पण ५५ म्हणजे केवढा ते कुणालाच माहीत नसतं. एकदा मी मंडळाचा एक पोरगा आणि तक्रार करणारे आजोबा, दोघांना एकाच मोबाईलवर ॲप टाकून एका घरात बसवलं. पंखा मोजला, मिक्सर मोजला (मिक्सर ८० च्या वर गेला, घरची आजी म्हणाली मग मलाच पकडा), मग खिडकीत उभे राहिले. कोर्टात हे मोबाईलचं मोजमाप चालणार नाही, पण दोन माणसं एका स्क्रीनकडे बघत होती, एकमेकांकडे नाही, त्याचा फरक पडतो. तुमच्याकडे मोजायचं म्हणजे, एसीच्या आउटडोअर युनिटवर किती घाण साचते, कुठल्या विंगला, गच्चीवर दाणे टाकल्यावर कबुतरं कुठे जाऊन बसतात. एक रविवार दोघातिघांनी मिळून नुसतं बघा. कुत्र्यांचं भांडण असतं तर मी म्हटलं असतं आधी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचा, त्यात खायला घालायची जागा आणि वेळ कशी ठरवायची, पटलं नाही तर कुठली समिती बसते, सगळं लिहिलेलं आहे, पण लोक न वाचताच दोन वर्षं भांडतात.

बोलण्याने काय होत नाही तेही ऐका. वरळी कोळीवाड्याचं उदाहरण घ्या. कोस्टल रोड सी-लिंकला जोडणाऱ्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या वाटेत येत होते, दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलेलं. कागद बघणाऱ्याला वाटतं होडी केवढी, ६० मीटर केवढे, अडचण काय. कोळी सांगत होते ते खवळलेल्या समुद्राचं, वारा आणि लाट होडीला बाजूला ढकलते, ती रस्त्यावरच्या गाडीसारखी रेषेत जात नाही, आणि समोरून दुसरीही येत असते. म्हणजे "होडी किती रुंद" हा प्रश्नच चुकीचा होता, "वादळात होडी कशी चालते" हा विचारायला हवा होता. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब गाळून १२० मीटर करायचं ठरलं, कोळ्यांची मागणी त्याहून जास्त होती. पण हे कुणीतरी प्रेमाने बसून विचारलं म्हणून झालं का? नाही. समुद्रात जाऊन काम अडवलं, अडवूनच धरलं, तेव्हा झालं. ज्याच्या हातात काही नाही त्याला "या, मोकळेपणाने बोलू" म्हणणं फार सोपं असतं, सोफा आपला असतो ना. रिडेव्हलपमेंटला मी हेच बघते, सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी ५१ टक्के संमती पुरेशी झाल्यापासून उरलेल्या लोकांशी बोलायची गरजच संपली असं कमिट्यांना वाटायला लागलंय, आणि वर त्यांनाच आडमुठे म्हणायचं.

आणि काही विषय गोल बसून बोलायचेच नसतात. कुणी आडनाव विचारून घर नाकारलं, कुणी जातीवरून बोललं, मोलकरणीला वेगळी लिफ्ट, वेगळा कप, तिथे "दोन्ही बाजू समजून घेऊ" नाही. ज्याचा अपमान झालाय त्याला सगळ्यांसमोर बसवून तुझी बाजू सांग म्हणणं म्हणजे परत तेच करणं आहे. तिथे कायदा आहे, पोलीस स्टेशन आहे, तुम्ही सोबत जा. अपमान करणाऱ्याशी बोलायचं असेल तर नंतर, वेगळं, आणि ते काम त्याच्याच जातीतल्या कुणीतरी करावं.

बरं, महिन्याभराने बसवायचंच झालं तर. सात-आठ जणच, चाळीस नकोत. सोसायटी ऑफिसात नको, तिथे सेक्रेटरीचं टेबल असतं आणि टेबलामागे बसला की माणूस बदलतो. गच्चीवर तर नकोच, तिथेच राडा झालाय. कुणाच्या तरी घरी, सतरंजीवर, रात्री जेवणं झाल्यावर. खायला काहीतरी ठेवा पण असं की सगळ्यांना चालेल, भेळेत कांदा-बटाटा वेगळा ठेवा, हे बारीक वाटतं पण मी बटाट्यावरून अख्खी संध्याकाळ गेलेली बघितलीय. मोबाईल एका डब्यात. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला एक प्रसंग सांगायचा, "लोक म्हणतात" चालणार नाही. दुसऱ्या फेरीत उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगून दाखवायचं, आणि समोरच्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे लोक फार अडखळतात. एकदा एक वकील साहेब चार वेळा नापास झाले, पाचव्यांदा त्यांचा आवाज खाली आला. मतदान घेऊ नका. वार्षिक सभेत तर हा विषय ढकलूच नका, ३० सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून ती आधीच घाईत असते, हिशोब, ऑडिटर, आणि मग शेवटी "ऐन वेळेचे विषय" मध्ये कबुतरं, रात्री साडेअकराला. मुडदे पडतील.

व्हॉट्सॲपवर यातलं काहीही टाकू नका. "आज छान चर्चा झाली" हेसुद्धा नको, जे आले नव्हते त्यांना लगेच वाटतं आपल्या पाठीमागे काहीतरी शिजलं.

आणि सुरुवात कुणापासून, तर दोन्ही पुढाऱ्यांकडे आधी नका जाऊ, त्यांचं तुम्हाला तोंडपाठ आहे. ग्रुपवर जे कधीच काही लिहीत नाहीत अशी चार-पाच घरं असतील बघा. तळमजल्यावर एखादे आजोबा, भाड्याने राहणारी दोन पोरं, पेइंग गेस्टवाली, तुमचा वॉचमन. वॉचमन तर पहिला. रात्रभर तो जागा असतो, पाण्याची टाकी बघायला वर जातो, गच्चीवर कोण किती वाजता येतं, कशाला येतं, कोण रडतं, कोण फोनवर बोलतं, त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. त्याच्यासाठी कटिंग घेऊन जा, स्टूल मागा, पंपापासून सुरू करा. आणि त्याला गुप्तहेर बनवू नका हं, नाव काढलंत तर नोकरी त्याची जाईल, तुमची नाही.

मग एक दिवस सकाळी साडेपाचला गच्चीवर जा. अडवायला नको, फोटो काढायला तर अजिबात नको. जे कोण दाणे टाकायला येतं ते टाकून झाल्यावर लगेच खाली जातं की थांबतं, तेवढं बघून या आणि मग मला परत लिहा.